खुराड्यावरचा पत्रा

शनिवारी सकाळी दहा वाजता स्मारकाचा दगड उभा राहायचा होता, आणि गुरुवारी दुपारी कोंबडीवाली बाई पत्रा घेऊन आली. आता ही बाई दोन दिवस उशिरा आली असती तर तिचं काय जाणार होतं? पण नाही. काही माणसांना वेळेवर यायची वाईट खोड असते.

मोजणीदार तेव्हा मागच्या खोलीत बसून शनिवारच्या भाषणाची काटछाट करत होते. नोकरी संपून बारा वर्षं झाली, तरी गाव त्यांना मोजणीदारच म्हणत असे. पाठीमागे भंगारशास्त्री म्हणत, आणि तेही त्यांना ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता माणसानं जरा पाय पसरून बसावं की नाही? पण यांनी नवीनच खूळ डोक्यात घेतलं. मोठ्या लढाईच्या दिवसांत त्या डोंगराळ मुलखात जेवढी म्हणून लष्करी विमानं कोसळली, तेवढ्या जागा हुडकायच्या, फीत धरून मोजायच्या, नकाशावर टिंब द्यायचं, ज्यांनी पाहिलं असेल त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं, आणि सगळं कार्डावर उतरवून ठेवायचं. एका जागेला एक खोका. असे एक्केचाळीस खोके मागच्या खोलीत चढले होते, आणि पाहुण्यांची खाट कधीच जिन्याखाली गेली होती. बायको म्हणायची, "विमानं पडली डोंगरात, आणि मलबा माझ्या घरात."

तर कोंबडीवाली दारात उभी. हातात गोणपाटात गुंडाळलेला, अर्ध्या दाराएवढा पत्रा.

"हे घ्या, तुमच्या दगडाशेजारी ठेवायला," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी दलदलीच्या काठावरनं उचलून आणला होता. ऐंशी वर्षं खुराड्यावर होता, एक थेंब गळला नाही हो! पेपरात तुमचं वाचलं आणि म्हटलं, ज्याचं त्याला द्यावं. दोन दिवस घासतेय. वर डांबर काय, घाण काय, विचारू नका."

तिनं गोणपाट सोडलं. करड्या रंगावर पांढऱ्याचे पिवळे पडलेले दोन मोठे आकडे होते.

"अडतीसच आहे ना?" बाई म्हणाली. "मला आपला पुढचा पाच वाटतो, आणि मागचा दोन. पण तुम्हाला जास्त कळतं."

पाच आणि दोन. बावन्न. आंधळ्यालासुद्धा बोट फिरवून कळलं असतं. मोजणीदारांनीही तेच वाचलं. तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं.

"ठेवा तिकडे भिंतीला टेकून. आकडे आतल्या बाजूला करा. ऊन लागायला नको."

तिथं ऊन यायचा प्रश्नच नव्हता. पण बाईनं बिचारीनं सांगितलं तसं केलं, चहा घेतला आणि शनिवारी येते म्हणून निघून गेली.

आता हे अडतीस काय आणि बावन्न काय, ते सांगायला हवं. वर डोंगराच्या माथ्यावर एक दलदल आहे. त्या दलदलीत लढाईच्या वेळी एक विमान नाक खाली करून घुसलं आणि आतच राहिलं. लष्कराचं कुणी आलं नाही, कारण ते विमान समुद्रावर हरवलं अशी त्यांची समजूत. काठावर उडालेले तुकडे आसपासच्या लोकांनी घरी नेले. मग दीडेक महिन्यापूर्वी दलदलीतून चर खणताना यंत्राच्या दाताला इंजिन लागलं. इंजिनावर पितळी पट्टी, पट्टीवर नंबर. मोजणीदारांनी जुने लष्करी कागद उपसले, तर तो नंबर अडतीस क्रमांकाच्या विमानाच्या नावावर निघाला. अडतीसमध्ये पाच जण होते, आणि त्यातल्या बिनतारीवाल्याची बहीण अजून हयात होती.

ती बहीण म्हणजे शिवणवाल्या मावशी. वय एकोणनव्वद. बसनं तासाभरावर राहायच्या. मोजणीदारांचा पेपरातला एक जुना लेख वाचून त्यांनी आपण होऊन पत्र पाठवलं होतं, आणि ते नेमकं इंजिन सापडलं त्याच आठवड्यात. "माझा भाऊ अडतीसवर होता. आईला सांगितलं समुद्रात गेला. आई समुद्राकडे कधी बघायची नाही. तुम्हाला काही कळलं तर कळवा." एवढंच पत्र. ते वाचून मोजणीदारांचं काळीज पाघळलं. पंधरा दिवसांत त्यांनी फोन करून सांगितलं, "मावशी, तुमचा भाऊ सापडला."

आणि इथंच सगळी गोची होती. कारण मोजणीदारांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी साऱ्या मुलखाच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. एकाच पुराव्यावर कार्डावर नाव चढवायचं नाही. दोन हवेत, वेगवेगळ्या ठिकाणून आलेले, आणि जुळणारे. शिवाय इंजिनाच्या नंबरावर तर मुळीच विसंबायचं नाही. "इंजिन म्हणजे भाडेकरू," ते शाळांमधून सांगत. "आज या विमानात, उद्या त्या. दुरुस्तीवाले एकातलं काढून दुसऱ्यात बसवायचे. घरमालक कोण, ते भाडेकरूच्या नावावरून ठरवाल का?" मुलं हसायची. आणि हेच महाराज इंजिनाच्या पट्टीवरून पाच नावं ठरवून मोकळे झाले होते.

नाही, अगदीच एका पुराव्यावर नाही. दुसराही होता. मेंढ्यावाले आजोबा.

मोजणीदारांनी दाराला कडी लावली आणि एक्केचाळीस नंबरच्या खोक्यातली टेप काढली. आजोबा मागच्याच आठवड्यात वारले, पण त्याआधी, इंजिन सापडल्यावर लगेच, त्यांची तासभर मुलाखत झाली होती. कार्डावर लिहिलं होतं: 'साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे थंडीच्या सुरुवातीला.' अडतीस हरवलं तेही थंडीच्या सुरुवातीला. जुळलं, आणि नावं चढली.

टेप लागली. आधी कुत्रं भुंकलं, मग आजोबांचा खरखरीत आवाज आला. "आम्ही वर गवत कापत होतो. बाप पुढे, मी मागे. एकदम आवाज झाला."

मग मोजणीदारांचा स्वतःचा आवाज, गोड आणि समजूतदार. "गवत कापत होता म्हणजे... उशिराच कापत असाल ना वर? थंडी पडायला लागल्यावर?"

"उशिरा? हां... कधी कधी व्हायचा उशीर."

"म्हणजे थंडी सुरू झाली असेल."

"असेल. तुम्ही म्हणताय तर असेल."

मोजणीदारांनी टेप बंद केली. तुम्ही म्हणताय तर असेल! शिकल्यासवरल्या माणसानं विचारलं की साधा माणूस मान हलवतो, कोंबडीवालीनंही तासाभरापूर्वी तेच केलं होतं. त्या गार मुलखात गवत भर उन्हाळ्यात कापतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी हरवलेल्या विमानांची यादी काढली. बोट खाली खाली सरकलं आणि थांबलं. बावन्न. भर उन्हाळ्यात, गवताच्या दिवसांत, समुद्रावर बेपत्ता. पाच जण, पाच वेगळी नावं. अडतीस हरवलं ते त्यानंतर चार महिन्यांनी. म्हणजे अडतीसचं इंजिन काढून बावन्नला बसवलं, बावन्न ते घेऊन दलदलीत गेलं, आणि अडतीस दुसऱ्याच इंजिनावर उडत उडत कुठं गेलं ते देवाला ठाऊक.

बरं, तेवढ्यात फोन वाजावा ना! पाथरवट होता.

"मोजणीदार, दगड घासून तयार आहे. नावं कोरायला घेऊ?"

"घाई काय आहे?"

"घाई काय आहे? परवा सकाळी दहाला बँड बोलावलाय तुम्ही! पाच नावं आहेत. एकदा छिन्नी लागली की रबरानं खोडता येत नाही, आधीच सांगतो."

"उद्या दुपारी बारापर्यंत थांबा. एक अक्षर तपासायचंय."

"बारा? मग काय दातांनी कोरू?" पाथरवट करवादला, पण थांबतो म्हणाला.

मोजणीदारांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. पत्रा तसाच पाठ करून उभा होता. आणि मग तो विचार आला. तो येणारच होता, आपल्याला आला नसता असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. कोणाला कळणार आहे? कोंबडीवालीनं स्वतःच अडतीस म्हटलंय. आजोबा गेले. पत्रा जिन्याखाली खाटेमागे सरकवला की झालं. म्हातारीच्या जिवाला शांती, गावाला दगड, आणि आपली अब्रू जागच्या जागी. कुणाचं काय वाईट होतं त्यात?

"अहो, चहा निवला," म्हणत बायको कडी वाजवत होती. ती पंचवीस वर्षं कचेरीत टाइपिस्ट होती, आणि सगळ्या टेपा तीच टाइप करून द्यायची. दार उघडल्यावर तिनं आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग टेपयंत्र, मग पत्रा. सरळ जाऊन तिनं पत्रा फिरवला.

"हं," ती म्हणाली. मग खोक्यातून टाइप केलेले कागद काढून एक पान त्यांच्यापुढं धरलं. गवताच्या ओळीशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. "मी तेव्हाच खूण केली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं कळत नाही, तू टाइप कर. म्हटलं, बरं."

मोजणीदार खाली बसले. "अगं, आता काय करू मी? त्या बाईला काय तोंड दाखवू? तिनं सगळ्यांना सांगितलंय. कसं सांगू तिला, की तुमचा भाऊ पुन्हा हरवला म्हणून?"

"मी काही सांगणार नाही. कार्डावर काय लिहायचं तेवढं ठरवा, टाइप मी करते. खोटं असलं तरी करीन. पण मग बाकीची चाळीस कार्डं कोणी खरी मानावीत, तेही तुम्हीच ठरवा."

त्या दिवशी मोजणीदारांना घास गेला नाही. बायकोनं काही आग्रह केला नाही, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी सकाळी दोघं बसनं निघाले. वाटेत मोजणीदारांनी वाक्यं घोकली. 'मावशी, एक छोटीशी अडचण आहे.' छोटीशी? 'मावशी, नवीन माहिती मिळाली आहे.' वा, म्हणजे तिला वाटायचं आनंदाची बातमी. बायको खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि त्यांना तिचा मनातून राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी शिवणयंत्र, भिंतीला चिंध्यांची टोपली, आणि खुंटीवर एक जुना जाड लोकरी कोट, मोठ्या माणसाचा. मावशी दार उघडून अशा हसल्या की मोजणीदारांची पहिली दोन वाक्यं जागच्या जागी विरघळली.

"या, या! उद्या न्यायला येणार म्हणालात, आजच आलात? बसा. हे बघा, उद्याचा पोशाख. बाह्या मीच लांब केल्या. म्हातारी झाले तरी हात वाढतात की काय कोण जाणे!"

"मावशी, मला जरा..."

"आधी हे बघा." त्यांनी एक छोटी डबी उघडली. आत एक काळं बटण होतं. "हा कोट त्याचा. रजेवर आला होता. मी नऊ वर्षांची. तो जाऊ नये म्हणून मी कोट ट्रंकेत लपवला आणि किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. शोधून शोधून दमला, आणि तसाच गेला, बिनकोटाचा. दहा दिवसांनी तार आली. थंडीचे दिवस. वर आभाळात तर आणखी गारठा असणार, नाही हो? मी कुणाला कधी बोलले नाही. आईलासुद्धा नाही." त्यांनी डबी मिटली. "कोट काही पुरता यायचा नाही. म्हणून काल बटण कापून ठेवलं. दगडाखाली ठेवायला चालेल ना?"

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. बायको मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

"तुमचा फोन आल्यापासून झोप लागते मला," मावशी म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. इतकी वर्षं पहाटेचा डोळा उघडायचाच. आता पार सात वाजेपर्यंत घोरते. शेजारीण म्हणते, मावशी, भिंत हलते."

ठरवलं होतं ते सगळं मागं घ्यावं, उद्या दगड उभा करावा आणि पत्रा परत खुराड्यावर जाऊ द्यावा, असं मोजणीदारांच्या अगदी ओठांवर आलं. खोटं कशाला बोला, देव शप्पथ आलं होतं. आणि नेमका तेव्हा खिशातला फोन वाजला. समोरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

"घ्या की फोन," मावशी म्हणाल्या. "कामाचा असेल."

"मोजणीदार, बारा वाजत आले," पाथरवट एवढ्या मोठ्यानं बोलत होता की खोलीभर ऐकू गेलं. "छिन्नी हातात आहे. पहिलं नाव बिनतारीवाल्याचं घेतोय. घेऊ ना?"

मावशी हसत हसत मान पुढं करून ऐकत होत्या. मोजणीदारांनी डोळे मिटले.

"कोरू नका," ते म्हणाले. "ती नावं चुकलीत. ते विमान दुसरं आहे. चूक माझी आहे. उद्याचं सगळं रद्द."

पाथरवट पलीकडून काय काय म्हणाला ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी फोन बंद केला. मावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं.

मग मोजणीदारांनी सगळं सांगितलं. पत्रा, बावन्न, टेप, गवत. भाडेकरू इंजिनाचंही सांगितलं. कुठंही स्वतःची बाजू सावरली नाही. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस परक्या खोलीत हुंदके द्यायला लागला. बायकोनं रुमाल पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

मावशींनी यंत्राचं चाक हातानं एकदा पुढं, एकदा मागं केलं.

"तुमचा तो नियम आहे ना," त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी जुळायला हव्यात."

"हो."

"मग आता जुळल्याच की. पत्रा आणि गवत. तो तिथं नाही, एवढं पक्कं झालं."

"मावशी, मला माफ करा. मला वाटलं, तुमच्या हयातीत..."

"हयातीत!" मावशी ताडकन म्हणाल्या. "माझी हयाती तुम्ही कशाला मोजायला घेतलीत? जमिनी मोजा! तीन आठवडे झोपले हो मी. ती झोप आता कोण देणार मला? मी गल्लीभर सांगत सुटले, भाऊ सापडला, भाऊ सापडला. आता काय सांगू, मोजणीदाराला दया आली होती म्हणून?"

मोजणीदार खाली मान घालून बसले. बोलणी पोटभर बसावीत, असंच त्यांना वाटत होतं. पण मावशींचा आवाज तिथंच संपला. त्या उठल्या, खुंटीवरून कोट काढला आणि मांडीवर घेतला. कोटावर एका जागी कापलेल्या दोऱ्याची टोकं वर आली होती. त्यांनी डबीतून बटण काढलं आणि सुईत दोरा ओवायला गेल्या. एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी त्यांनी न बघताच सुई बायकोपुढं धरली. बायकोनं दोरा ओवून दिला. मावशी बटण पुन्हा जागेवर शिवायला लागल्या. एवढे घट्ट टाके घातले, की जणू कोट कुणी उद्याच मागायला येणार होतं.

ते बघवेना. मोजणीदार उठले, बायकोही उठली. निरोप कसा घ्यायचा तेही कळेना. दाराशी पोचतात तो मागून हाक आली.

"मोजणीदार."

ते वळले. आता आणखी ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

"त्या दलदलीतल्या पाच जणांच्या घरी काय सांगितलंय?"

"समुद्रात गेले म्हणून."

"कुणाला बहीण होती का?"

"माहीत नाही, मावशी."

मावशींनी दोरा दातानं तोडला आणि बटण ओढून पाहिलं.

"असली तर माझ्याच वयाची असेल," त्या म्हणाल्या. "तिला आधी शोधा. मला थांबायची सवय आहे."